लेखनावर जगणाऱ्यांचे दहा टक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की आपल्या अर्थविषयक पानावर करनियोजनाची माहिती येऊ लागते. फॉर्म १६ कसा वाचावा, घरभाडे भत्त्याचे काय, नवी करप्रणाली घ्यावी की जुनी. मी ती दरवर्षी वाचते आणि कापून माझ्या धाकट्या भावाला देते, कारण तो नोकरी करतो. घरात बसून अनुवाद करणाऱ्या, मालिकांचे संवाद लिहिणाऱ्या, कंपन्यांची माहितीपत्रके तयार करणाऱ्या माणसाला मात्र त्यात हाताशी धरण्यासारखे काही सापडत नाही. ठाणे ते पनवेल या पट्ट्यात असे लोक आता खूप आहेत. घोडबंदर रस्त्यावर मालिकांची चित्रीकरणे चालतात, ठाणे-बेलापूर रस्त्यावर औषध कंपन्या आणि आयटी पार्क आहेत. या सगळ्यांना मराठी मजकूर लागतो आणि तो लिहिणारे बहुतेक जण पगारावर नसतात.

मी स्वतः घणसोलीला सिडकोच्या घरात राहते आणि अनुवादावर घर चालवते. विमा पॉलिसीसोबत येणारे मराठी पत्रक, बँकेच्या अॅपवरच्या सूचना, नव्या औषधाची चाचणी सुरू होण्याआधी रुग्णापुढे सहीसाठी ठेवले जाणारे संमतीपत्र, असली कामे माझ्याकडे येतात. संमतीपत्रातले एक वाक्य संदिग्ध राहिले तर त्याचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक आहे, म्हणून एकेका परिच्छेदावर मी तासन् तास घालवते. हे काम जबाबदारीचे आहे, आणि ज्या कायद्याने त्यावर कर आकारला जातो त्या कायद्याने ते नीट ओळखावे, एवढीच माझी मागणी आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो. म्हणून हे आत्ताच बोलले पाहिजे. कलमांचे आकडे त्यात बदलले आहेत. मी खाली जुनेच आकडे लिहिते, कारण अकाउंट्सवाल्यांपासून सीएपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.

आमच्या बिलातून कलम १९४ जे खाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला जातो. एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त काम झाले की ही कपात सुरू होते. मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३० हजार होती, ती वाढवली हे चांगलेच झाले. पण कपात होते ती पूर्ण बिलावर. वीज, इंटरनेट, संगणक, संदर्भकोश, छपाई हा खर्च वजा करून जे उरते त्यावर नव्हे.

उदाहरणच घेते. महिन्याला ६० हजारांचे काम करणारी अनुवादक धरा. दरमहा ६ हजार कापले जाऊन तिच्या हाती ५४ हजार येतात. वर्षाची बिले ७ लाख २० हजारांची, कापलेली रक्कम ७२ हजार. लाखभर खर्च वजा केला तर उत्पन्न राहते ६ लाख २० हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ ए ची सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे जिच्याकडून सरकारला एक रुपयाही येणे नाही तिचे ७२ हजार सरकारकडे पडून राहतात. तिच्या शेजारी राहणारा, तेवढेच ६० हजार पगार घेणारा नोकरदार घ्या. त्याची कंपनी वर्षाचा अंदाज करते, ७५ हजारांची प्रमाणित वजावट देते, कर शून्य येतो हे पाहते आणि काहीच कापत नाही. एकाच मजल्यावरची, एकाच उत्पन्नाची दोन घरे. एका घरातून सव्वा महिन्याच्या हातातल्या कमाईहून जास्त रक्कम अडकून राहते, दुसऱ्या घरातून काहीच नाही.

ती किती काळ अडकते तेही सांगते. एप्रिल २०२५ च्या बिलातून कापलेले ६ हजार परत मागायचे तर विवरणपत्र भरावे लागते. शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरण भरायला कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत आहे आणि फॉर्म १६ ए, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, त्यानंतर पंधरा दिवसांनी मिळतो. म्हणून जून २०२६ च्या मध्याआधी माझ्यासारखीला नीट विवरणपत्र भरताच येत नाही. पुढे तपासणी, मग रिफंड. एप्रिलमधला रुपया परत येईपर्यंत पंधरा महिने सहज उलटतात. रिफंडवर व्याज मिळते ते महिना अर्धा टक्का, आणि तेही १ एप्रिल २०२६ पासून मोजले जाते. वर्षभर सरकारकडे असलेल्या रकमेवर काहीच नाही. उलट आगाऊ कर भरायला आम्हाला उशीर झाला तर व्याज महिना एक टक्का लागते. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो आणि मी तो तसाच म्हणणार.

यावर उपाय आहे, असे सीए सांगतात: कलम १९७ खाली फॉर्म १३ भरा, कमी दराने कपात करण्याचा दाखला घ्या. मी तो अर्ज समजून घेतला. आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवर मागच्या वर्षांची विवरणपत्रे आणि चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज द्यावा लागतो, आणि दाखला साधारणपणे पैसे देणाऱ्या ठरावीक कंपनीच्या नावाने मिळतो. एप्रिलमध्ये मला कसे माहीत असणार की नोव्हेंबरमध्ये कोण काम देईल? मोठ्या कंत्राटदाराची कामे वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली असतात, म्हणून ही सोय त्याला जमते. लेखकाची कामे फोनवर येतात आणि आठवड्यात संपतात.

बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर कपात होऊ नये म्हणून फॉर्म १५ जी असतो. माझा कर शून्य आहे, कापू नका, असे एका कागदावर स्वतःच जाहीर करायचे. सामान्य माणसावर विश्वास ठेवणारी ही चांगली व्यवस्था आहे. पण तो फॉर्म १९४ जे ला चालत नाही. व्याज मिळवणाऱ्यावर ठेवलेला विश्वास स्वतः राबून कमावणाऱ्यावर का नाही? एका ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या लहान व्यावसायिकांना अशी स्वयंघोषणा द्यायची मुभा मिळावी, ही माझी पहिली आणि मुख्य मागणी आहे. बहुतेकांचे पॅन आणि आधार जोडलेले आहेत, बरेचसे व्यवहार आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतात. खोटी घोषणा करणारा लपून राहणे आता अवघड आहे.

दुसरी गोष्ट कायद्यातल्या एका यादीची आहे, आणि ती मी जरा सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ लेखकांना ती माहीतच नसते. कलम ४४ एडीए म्हणते की काही ठरावीक व्यवसायांतल्या लोकांनी जमाखर्चाच्या वह्या न ठेवता एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली तरी चालेल. जमेची मर्यादा ५० लाख, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आगाऊ करही चार हप्त्यांऐवजी एकदाच, १५ मार्चपर्यंत. आम्हाला बँकेतूनच पैसे मिळतात, त्यामुळे ही सोय आमच्यासारख्यांसाठीच असावी असे कोणालाही वाटेल. पण ठरावीक व्यवसाय कोणते? वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, हिशेबनिसी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, आणि अधिसूचनेने जोडलेले आणखी काही. त्या जोडलेल्यांत ‘फिल्म आर्टिस्ट’ आहे. त्याची व्याख्या १९७७ सालची. तीत नट, कॅमेरामन, संकलक, गायक, गीतकार, कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक, वेशभूषाकार हे सगळे येतात. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याला तिथे हक्काने जागा आहे. अनुवादकाला नाही. वृत्तपत्रांत सदर लिहिणाऱ्या मुक्त पत्रकाराला नाही. संकेतस्थळांचा मजकूर लिहिणाऱ्याला नाही, पुस्तकाचे संपादन करणाऱ्यालाही नाही.

याचा रुपयांत अर्थ काय होतो पाहा. पंधरा लाख जमा असलेला पटकथालेखक साडेसात लाख उत्पन्न दाखवतो आणि त्याचा कर शून्य. मला त्याचे काही वाटत नाही, त्याने हा फायदा जरूर घ्यावा. पंधरा लाखच जमा असलेल्या आणि दोन लाखांचा खर्च पावत्यांनिशी दाखवणाऱ्या अनुवादकाचे उत्पन्न तेरा लाख ठरते. त्याचा कर ७५ हजार, उपकर धरून ७८ हजार. दोघे एकाच लायब्ररीत बसून लिहीत असतील.

बरे, यादीत नसलेल्याने नक्की काय करायचे यावरही एकमत नाही. नौपाड्यातले एक सीए म्हणाले, तुमचे काम ‘तांत्रिक सल्ल्या’त बसवू. वाशीतल्या दुसऱ्यांनी सांगितले, मुळीच नको, नोटीस आली तर उत्तर देता येणार नाही, वह्या ठेवा आणि आयटीआर-३, म्हणजे व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांचे विवरणपत्र, भरा. तिसऱ्यांचे मत, याला धंदा समजून लहान धंद्यांसाठीच्या कलम ४४ एडी खाली दाखवता येईल. मी वाशीच्या सल्ल्याने चालते. वह्या ठेवते, पावत्या जपते, संगणकाचा घसारा ४० टक्क्यांनी लावते, घरातल्या विजेचा आणि इंटरनेटचा कामापुरता भाग खर्चात धरते. आयटीआर-३ लांबलचक आहे आणि तो भरण्याची सीएची फी जास्त असते. पण मला रात्री शांत झोप लागते.

हे बदलायला संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. ही व्यवसायांची यादी ज्या कलम ४४ एए मध्ये आहे त्यातच केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला अधिसूचना काढून आणखी व्यवसाय जोडण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याच अधिकाराने २००१ मध्ये माहिती तंत्रज्ञान जोडले गेले. मग लेखन, अनुवाद आणि संपादन जोडायला काय हरकत आहे? ठाणे जिल्ह्यातून ठाणे, कल्याण आणि भिवंडी असे तीन खासदार लोकसभेत जातात. त्यांच्यापैकी एकाने हा प्रश्न लेखी विचारला तरी अर्थ मंत्रालयाला उत्तर द्यावे लागेल.

पुस्तकांच्या रॉयल्टीसाठी कलम ८० क्यूक्यूबी आहे, तीन लाखांपर्यंत वजावट देणारे. पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि शालेय पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, नियतकालिके तिच्यात धरत नाहीत. मराठीत रॉयल्टीवर जगणारे मोजकेच. तेव्हा तो विषय इथेच सोडते. जाताजाता एक सांगायलाच हवे: नोकरदाराला दरवर्षी करप्रणाली बदलता येते, व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला तसे नाही. एकदा फॉर्म १०-आयईए भरून जुनीत गेलात आणि मग नवीत परतलात की, व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. कोणी भाऊ-वहिनींचे पाहून सहज निर्णय घेऊ नये.

आता पैसे देणाऱ्यांबद्दल. ऐरोलीतला एक तरुण संवादलेखक माझ्याकडे सल्ल्याला आला होता. घोडबंदरच्या एका निर्मितीसंस्थेसाठी त्याने काही महिने लिहिले. प्रत्येक वेळी टीडीएस कापून पैसे मिळाले. विवरणपत्र भरायची वेळ आली तेव्हा त्याच्या फॉर्म २६ एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसच्या सरकारी उताऱ्यात, त्या संस्थेची नोंदच नव्हती. कापलेले पैसे सरकारकडे भरलेच गेले नव्हते. त्याने रिफंड मागितला आणि उलट आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्रातून कर भरण्याची मागणी आली. कायद्याचे कलम २०५ स्पष्ट सांगते की ज्याच्याकडून कर कापला गेला त्याच्याकडून तो पुन्हा वसूल करता येत नाही. २०१५ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना तशी सूचनाही दिली आहे. तरीही त्या मुलाला बँकेचे उतारे, बिले, ईमेल गोळा करून ऑनलाइन उत्तर द्यावे लागले. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला, पहिल्याच मोठ्या कामात. मला त्या रात्री फार राग आला होता. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. तो दुसऱ्याच्या मेहनतीचा पैसा असतो आणि कापणाऱ्याच्या हातात काही दिवस फक्त ठेवलेला असतो.

म्हणून माझी लेखक मंडळींना कळकळीची विनंती आहे की २६ एएस वर्षाच्या शेवटी उघडू नका. ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा मध्य उलटला की आधीच्या तिमाहीची नोंद दिसायला हवी. नसेल तर तेव्हाच विचारा, कारण काम चालू असताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. माझ्या वहीत प्रत्येक बिलापुढे पाच रकाने आहेत: बिलाची तारीख, रक्कम, कापलेला टीडीएस, पैसे आल्याची तारीख आणि २६ एएस मध्ये दिसल्याची खूण. शेवटचा रकाना रिकामा राहिला की मी फोन करते.

उशिरा पैसे देणाऱ्यांसाठीही एक कायदा आहे आणि तो आमच्या बाजूचा आहे. लहान उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर, घरबसल्या. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवला जातो. मग २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे कंपनीने पूर्ण झालेले काम स्वीकारल्यापासून, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३ बी (एच) हे कलम आले आहे. त्याने मुदतीत पैसे न दिलेले बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. मी बिलाच्या माथ्यावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यावर तुर्भ्याच्या एका कंपनीने नव्वद दिवसांची आपली जुनी पद्धत माझ्यापुरती ४५ वर आणली. भांडण झाले नाही, पत्र लिहावे लागले नाही. अकाउंट्समधल्या बाईंनी तो क्रमांक पाहिला, एवढेच. नोंदणी मात्र काम हाती घेण्याआधीची हवी.

मराठी प्रकाशक आणि निर्मात्यांनी हे वाचून रागावू नये. त्यांच्यापैकी अनेकांचेच पैसे वितरकांकडे आणि वाहिन्यांकडे अडकलेले असतात हे मी जाणते. पण साखळीत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या घरचा किराणा थांबत नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात सेवांसाठी वार्षिक २० लाखांच्या जमेपर्यंत नोंदणी लागत नाही, बंगळुरू-दिल्लीच्या कंपन्यांचे काम केले तरीही. काही कंपन्या नोंदणीशिवाय काम देत नाहीत, त्यांना हा नियम दाखवावा. परदेशी ग्राहकाचे पैसे मात्र २० लाखांत मोजले जातात, आणि त्यावर टीडीएस कापला जात नसल्याने आगाऊ कराचा हिशेब आपणच ठेवायचा. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये असतो आणि तो घरी बसून व्यवसाय करणाऱ्यालाही लागू आहे. नोकरीत तो पगारातून कापला जातो, म्हणून नोकरी सोडून लेखनाकडे आलेल्यांच्या तो लक्षात राहत नाही.

संपादक महोदय, आपल्याही वृत्तपत्राला बाहेरचे लेखक मजकूर देतात. मानधन खात्यात जमा होते तेव्हा ते कोणत्या लेखाचे, किती कापले, हे सांगणारी चार ओळींची ईमेल सोबत आली तर आमचे फार काम वाचेल. ही विनंती मी सर्वच वृत्तपत्रांना आणि मासिकांना करते. आणि विवरणपत्रांच्या दिवसांत आपल्या पानावर एक लेख आमच्यासाठी, आयटीआर-३ भरणाऱ्या लिहित्या माणसांसाठी, जाणकार सीएकडून लिहून घ्यावा.

सध्या मार्चअखेर असल्याने एक तातडीची गोष्ट. कंपन्या ३१ मार्चच्या तारखेने बिले खर्ची टाकतात आणि टीडीएस याच वर्षात दाखवतात, जरी पैसे मे महिन्यात मिळणार असले तरी. ज्यांचे काम पूर्ण झाले आहे त्यांनी बिल याच आठवड्यात द्यावे आणि ते कोणत्या वर्षात धरले जाणार हे अकाउंट्स विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. जमा एका वर्षात आणि टीडीएस दुसऱ्या वर्षात गेला, तर रिफंड अडकण्याचे ते नेहमीचे कारण ठरते.

आपली नम्र,
एक अनुवादक,
घणसोली, नवी मुंबई